दुपारच्या सुट्टीचा अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे. ही काही फुशारकी नाही. उलट हल्ली कुणी म्हटलं की, "बाई, काय वळणदार अक्षर हो तुमचं," तर माझं डोकंच उठतं. चांगलं अक्षर असलेल्या माणसाला आपल्याला अक्कलही आहे असं वाटायला लागतं. मलाही वाटायचं.

माझे वडील अर्ज लिहायचे. औरंगाबादला कचेरीच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसायचे, पुढ्यात लाकडी पेटी, दौत आणि दोन टाक. पोलीस ॲक्शनच्या आधी उर्दूत लिहायचे. ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि हळूहळू कचेरीचं कामकाज मराठीत आलं, तसे वडीलही मराठीवर आले. पण अर्ज तोच राहिला. आधी 'गरीबपरवर सलामत' म्हणून सुरू व्हायचा, मग 'मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी' म्हणून व्हायला लागला. पुढं गाऱ्हाणं, आणि शेवटी 'तरी गरिबावर मेहेरबानीची नजर व्हावी'. मी मॅट्रिकला असताना त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं. मग ते सांगायचे आणि मी लिहायची. ते म्हणायचे, "पोरी, साहेबाला आधी वर बसव. उंचावर बसला की त्याला खालचं दिसतं." वीस वर्षं त्यांचं त्यावर पोट भरलं. मला ते खरंच वाटलं.

लग्न होऊन मी गारखेड्याला आले. तिथं तेव्हा अर्धी वस्ती आणि अर्धी वावरं होती. नवऱ्याची नोकरी सुटली आणि मी चिकलठाण्याच्या एका गोळ्या-औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना आम्ही तीस-एक बायका बसायचो. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, खोक्यात माहितीचा कागद घालायचा, झाकण लावायचं, पुढं सरकवायचं. डोक्याला त्रास नाही, मानेला भरपूर. मॅट्रिक झालेली त्या टेबलावर मी एकटीच. वर्षभरात सगळ्यांचे अर्ज माझ्याकडं यायला लागले. रजेचा, रेशनकार्डाचा, पोराच्या शाळेचा, नळाचा. आणि सांगते, त्यातले पुष्कळ मंजूर व्हायचे. बायकांनी माझं नाव टाकून मला 'मुनशीबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि मला ते लई आवडायचं.

हे नाव ठेवलं आपानं. आपा माझ्या शेजारी बसायची. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, हडकुळी, तोंडात कायम सुपारी, आणि हात इतका चलाख की माझी दोन खोकी होईपर्यंत तिची तीन व्हायची. मी मागं पडले की न बोलता माझ्यापुढची चार पाकिटं आपल्याकडं ओढायची आणि म्हणायची, "क्या गे मुनशी, कलम से भरती क्या डब्बे?" ती कंपनीत अगदी पहिल्यापासून होती. नवरा वारलेला. घर कंपनीच्या मागच्या वस्तीत, गेटापासून चालत दहा मिनिटांवर. घरात ती आणि तिची मुलगी, बास.

ही मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची होती, पण खाटेवर पडून असायची. लहानपणी ताप डोक्यात गेला, तेव्हापासून हातपाय आखडलेले, बोलणं नाही. ओळखायची मात्र सगळं. आपाची चप्पल दारात वाजली की मान वळवायची. तिला गिळायला त्रास व्हायचा. मऊ भात वरणात कालवून, बोटानं जिभेच्या मागं ठेवून, गळ्यावरून हात फिरवत एक-एक घास उतरवावा लागायचा. एका जेवणाला चांगली वीस-पंचवीस मिनिटं. मी एकदा रविवारी गेले होते तेव्हा पाहिलं. आपा घास भरवताना सारखी बोलत होती, कंपनीतल्या गप्पा, कोण कुणाशी भांडलं, साहेबाचं टक्कल, आणि पोरगी हसता हसता गिळत होती.

हे सगळं जमत होतं ते आमच्या दुपारच्या सुट्टीमुळं. आमच्याकडं बारा ते एक सुट्टी असायची आणि गेट उघडं असायचं. जवळपासच्या बायका घरी जाऊन यायच्या. कुणी लेकराला पाजून यायची, कुणी म्हाताऱ्या सासऱ्याला भाकरी देऊन यायची. आपा बाराचा भोंगा झाला की टेबलावरून उठायची ती पळतच. पोरीला भरवायची, कूस बदलायची, ओलं काढायची, आणि एकला पाच कमी असताना हातात अर्धी भाकरी घेऊन गेटात हजर. ती भाकरी टेबलाखाली लपवून खायची. मी गेले तेव्हाही हे असंच होतं आणि माझ्या आधीही पुष्कळ वर्षं होतं. कुठं लिहिलेलं नव्हतं. रोज सूर्य उगवतो तेही कुठं लिहिलेलं नसतं.

मग मालक थकला आणि कंपनी दुसऱ्यांनी घेतली. नवे लोक मुंबईकडचे. त्यांनी आधी भिंतींना रंग दिला, मग गेटावर नवा वॉचमन ठेवला, आणि मग एका सोमवारी फळ्यावर कागद लावला. उद्यापासून जेवणाची सुट्टी बारा ते साडेबारा. सुट्टीत गेटाबाहेर जाता येणार नाही. संध्याकाळी कामगारांना अर्धा तास लवकर सोडण्यात येईल.

खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचंच होतं. मी दुपारी घरी जातच नव्हते. गारखेड्याला जाऊन येणं शक्यच नव्हतं. अर्धा तास लवकर सुटलं की मला आधीची सिटी बस मिळणार होती. टेबलावरच्या निम्म्या बायकांचं तसंच होतं. त्या कागद वाचून एकमेकींकडं बघायला लागल्या, आणि कुणी उघड हसली नाही एवढंच. बारा-तेरा जणी जवळ राहणाऱ्या होत्या, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आपा कागदापुढं उभी राहिली. तिला मराठी वाचता यायचं नाही. मला म्हणाली, "क्या लिखे गे?" मी सांगितलं. तिनं सुपारी थुंकली आणि विचारलं, "फिर मेरी बच्ची कू कौन खिलाएगा?"

मला राग आला. खरा राग.

त्या संध्याकाळी आम्ही गेटाबाहेर चहाच्या टपरीमागं जमलो. युनियनचा पुढारी आला होता. युनियन पुरुषांची, मशीनवाल्यांची, आम्हा पॅकिंगच्या बायकांना त्यात फार कुणी विचारायचं नाही. तो म्हणाला, "अर्ध्या तासापायी मी मशीनी बंद नाय करू शकत, बाई. पोरं ऐकायची नाहीत." पण माणूस वाईट नव्हता. म्हणाला की इतकी वर्षं चाललेली सवलत अशी कागद चिकटवून बंद करता येत नाही, आधी रीतसर नोटीस द्यावी लागते, आपण कामगार कचेरीत जाऊ. तेवढ्यात आपा मधेच बोलली. "उद्या बाराला सगळ्या जणी उठायचं. गेटावर जायचं. वॉचमन काय आम्हाला हात लावतो? एकच्या आधी परत यायचं, कामाला बसायचं. रोज असंच करायचं. बघू काय करतात."

दोघी-तिघींनी माना हलवल्या, "व्हय, असंच करू." आणि तेव्हा मी तोंड उघडलं. मी म्हणाले, "आपा, अशानं मेमो देतील. चिडतील. आधी अर्ज करू. नीट, रीतीनं. मी लिहिते."

"अर्ज करके क्या होता?"

"होतं. माझ्यावर सोड."

माझ्यावर सोड! केवढा तो तोरा. आपानं माझ्याकडं बघितलं, आणि मग खांदे उडवून म्हणाली, "ठीक है, मुनशी लिखती तो लिखने दो." तिनं ऐकलं म्हणून बाकीच्यांनीही ऐकलं.

मी घरी गेले, पोरांना खिचडी टाकली आणि लिहायला बसले. लिहिताना वडील जणू शेजारी बसले होते. 'मेहेरबान मॅनेजरसाहेब यांचे सेवेशी.' पुढं लिहिलं, 'पूर्वीच्या मालकसाहेबांनी आम्हा गरीब स्त्री कामगारांवर मेहेरबानी करून दुपारी घरी जाण्याची सवलत दिली होती. आपणही तीच मेहेरबानी पुढे चालू ठेवावी. आपल्या मेहेरबानीचे आम्ही जन्मभर ऋणी राहू.' दोनदा वाचलं. एक काना हलला होता तर सगळा कागद फाडून पुन्हा लिहिला. मला ते इतकं सुंदर वाटलं की नवऱ्याला उठवून वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दगडाला पाझर फुटंल." आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी आपानं वाचून न घेताच सगळ्यात आधी सही केली, उर्दूत. मग बाकीच्यांनी, कुणी सही, कुणी अंगठा. दुपारी न जाणाऱ्यांपैकीही सहा-सात जणींनी केली, त्यांना मी शरमिंदं करून करायला लावली. मॅनेजरनं अर्ज घेतला, वाचला, आमच्याकडं बघून हसला आणि म्हणाला, "अक्षर फारच छान आहे. कुणाचं?" मी पुढं झाले. मला वाटलं, झालं काम.

काही झालं नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. गेट बंदच. वडिलांच्या अर्जांनाही वेळ लागायचा, म्हणून मी सगळ्यांना धीर धरा, धीर धरा म्हणत राहिले.

त्या दिवसांत आपा पहाटे उठून पोरीला भरवायची आणि मग थेट संध्याकाळी. मधे दिवसभर ती खाट आणि ती पोर. शेजारणीला सांगून पाहिलं. चांगली बाई होती बिचारी, रोज दुपारी जायची. पण पोरगी तोंडच उघडायची नाही. दात आवळून धरायची, डोळे मिटून घ्यायची. एकदा शेजारणीनं जबरदस्तीनं चमचा घातला तर ठसका लागून निळी पडली, तेव्हापासून तीही घाबरली. दूध तेवढं पाजायची, तेही अर्धं उशीवर. मी एका रविवारी पुन्हा गेले. पोरीच्या गालाची हाडं वर आली होती. आपानं तिला कुशीवर वळवून पाठ दाखवली. कमरेखाली कातडी सोलून लाल झाली होती, दुपारची कूस बदलायला कुणी नव्हतं म्हणून. आपा म्हणाली, "अर्जाचा जवाब आला का गं?" टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. मी म्हणाले, येईल. मला तिथं बसवेना. चहा अर्धा टाकून निघाले.

शेवटी युनियनच्या पुढाऱ्यानं कामगार कचेरीत तक्रार घातली आणि तारीख मिळाली. आमच्यातर्फे तो, मी आणि आपा. कंपनीतर्फे मॅनेजर आणि एक वकील. सरकारी साहेब मधल्या खुर्चीवर, टेबलावर फायलींचा ढीग. पुढारी चांगला बोलला. इतक्या वर्षांची वहिवाट आहे, वहिवाटीचा हक्क होतो, नोटीस न देता बंद करता येत नाही. सरकारी साहेब मान डोलवत होता. वकिलाला म्हणाला, "यावर तुमचं काय म्हणणं?"

वकिलानं फाईल उघडली आणि एक कागद काढून पुढं सरकवला. माझा अर्ज. म्हणाला, "साहेब, हे कामगारांनीच लिहून दिलंय. सह्या आहेत. हक्क कुठं म्हटलाय दाखवा. मेहेरबानी म्हटलंय. एकदा नाही, तीनदा म्हटलंय. मेहेरबानी करणं आणि थांबवणं हे करणाऱ्याच्या मर्जीवर असतं."

सरकारी साहेबानं कागद वाचला. चष्मा काढला. माझ्याकडं नाही, पुढाऱ्याकडं बघून म्हणाला, "अहो, हे असं लिहून देतात का? आता मी काय करू?"

पुढारी माझ्यावर ओरडला. तिथंच, सगळ्यांसमोर. "कोणत्या शहाण्यानं लिहिलं हे?" त्याला माहीत होतं कुणी लिहिलंय, तरी विचारलं. मी म्हणाले, "मी." कोर्टात जाता येईल, पण वर्षं लागतील, आणि हा कागद तिथंही निघेल, असं काहीतरी साहेब सांगत राहिला. मला पुढचं नीट ऐकू आलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर आपानं मला थांबवलं. तिला आतलं कचेरीचं मराठी सगळं कळलं नव्हतं, पण एक शब्द कळला होता. तो तिच्याच भाषेतला होता ना. ती म्हणाली, "मेहेरबानी तू लिहिली?"

"तशीच रीत असते अर्जाची, आपा."

"कायची मेहेरबानी गे?" तिचा आवाज चढला. "तुला काय ठाऊक? तू तर मागून आली. कंपनी नवी निघाली तेव्हा बायकाच मिळत नव्हत्या. मालक स्वतः आमच्या वस्तीत आला. दारोदार. माझ्या दारात उभा होता, ह्या डोळ्यांनी बघितला मी. मी म्हटली, माझी पोर अशी आहे, दुपारी मला यावं लागतं, मी नाही येत तुझ्या कंपनीत. बाकीच्या पण तेच म्हटल्या. तेव्हा तो म्हणाला, बारा ते एक घरी जा, गेट उघडं ठेवतो, पण कामाला या. आम्ही अट घातली, त्यानं मानली, तेव्हा आम्ही आलो. हे होतं. आणि तू मेहेरबानी लिहून आली?"

मला हे माहीतच नव्हतं. तीन वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून बसले, पण कधी विचारलं नाही. अर्ज लिहायच्या आधीही विचारलं नाही. वडील निदान समोरच्याला विचारायचे, नेमकं काय झालं, पहिल्यापासून सांग. मी तेवढंही केलं नाही. जी एक गोष्ट कागदावर यायला हवी होती, ती माझ्या शेजारी बसून सुपारी चघळत होती, आणि मी कानामात्रा सरळ करत बसले.

"मैं बोली थी गेट पे चलो," आपा म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. मी तिच्या मागं गेले नाही.

पुढं तिनं एकटीनं करून पाहिलं. एकदा बाराला उठून गेटाकडं गेली. नव्या वॉचमननं अडवलं, मेमो मिळाला. एकदा मागच्या भिंतीवरून उतरायला गेली आणि पाय मुरगाळून बसली. या वयात! मग रजा टाकायला लागली, आज अर्धी, उद्या पूर्ण, त्या संपल्या. आम्ही बाकीच्या काय करत होतो? खोकी भरत होतो. एकदा मी टेबलावर म्हणाले, "चला गं, आता तरी सगळ्या जाऊ गेटावर." कुणी मान वर केली नाही. साडेचारच्या बसची सगळ्यांना सवय झाली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "आता अर्ज नाय का लिहीत, मुनशीबाई?" मी तिच्याशी भांडले, पण ती चुकीचं बोलली नव्हती. ते नाव मला त्यानंतर टोचायला लागलं.

एके दिवशी सकाळी साडेअकराला आपा माझ्याकडं आली. मॅनेजरच्या केबिनमधून आली होती. तिनं माझ्यापुढं कोरा कागद ठेवला. "लिख. राजीनामा."

मी म्हणाले, "मी नाही लिहिणार."

"मराठीत पाहिजे म्हणतो साहेब. मला कुठं येतं? लिख."

मी लिहिला. या वेळी नीट विचारून लिहिला. 'कंपनी सुरू होताना ठरलेली दुपारी घरी जाण्याची अट कंपनीने मोडली. माझी मुलगी आजारी असून तिला माझ्याशिवाय कोणी भरवू शकत नाही. म्हणून मला नोकरी सोडणे भाग पडत आहे.' कुठं मेहेरबान नाही, कुठं सेवेशी नाही. आपाला वाचून दाखवला. ती म्हणाली, "हौ. ये सही है."

आम्ही दोघी केबिनमध्ये गेलो. मॅनेजरनं वाचला आणि परत दिला. म्हणाला, "हे चालणार नाही. कारण वगैरे काही लिहू नका. 'मी माझ्या स्वखुशीने राजीनामा देत आहे, माझी कंपनीविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' दोन ओळी. नाहीतर मी घेणार नाही, आणि गैरहजर म्हणून काढावं लागेल. मग दुसरीकडं कुठं कामही मिळणार नाही यांना."

मी म्हणाले, "पण हे खोटं आहे."

"मग नका लिहू," तो म्हणाला, आणि फोन उचलला.

मी आपाला बाहेर आणलं. म्हणाले, नको देऊस, काढू देत, आपण लढू, मी युनियनला पुन्हा सांगते. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. बाराला दहा कमी होते. "लिख दे, माँ," ती म्हणाली. मला पहिल्यांदा तिनं मुनशी न म्हणता माँ म्हटलं, गयावया करताना म्हणतात तसं. "मेरे कू घर जाना है. उन्नं भूकी है."

मी लिहिलं. स्वखुशीने. तरी अक्षर चांगलंच आलं. आपानं खाली उर्दूत सही केली, कागद आत दिला, आणि बाराच्या भोंग्याच्या आधी गेटाबाहेर पडली. तिला वॉचमननं अडवलं नाही. आता ती आमची कुणी नव्हती ना. टेबलावर तिच्या जागी दुसऱ्या दिवशी नवी बाई आली.

मी नोकरी सोडली नाही. सोडायला हवी होती असं पुष्कळदा वाटतं, पण पोरं लहान होती आणि घर माझ्यावर होतं. आपाकडं दोन-तीनदा गेले. पोरगी अंग धरत होती, पाठीची जखम भरत आली होती. आपा घरी बसून गोधड्या शिवायची. चहा करायची, पण कंपनीतल्या गप्पा विचारायची नाही, आणि त्या गप्पांशिवाय आमच्यात दुसरं होतं काय? मग माझंच जाणं कमी झालं. मला तोंड नव्हतं, हे खरं कारण.

कंपनीनं पुढच्या पावसाळ्यात दुसरा कागद लावला. शेंद्र्याकडच्या आठ-दहा बायका आमच्याकडं दुसऱ्या पाळीला यायच्या. त्यांना सुटल्यावर जालना रोडनं गावापर्यंत सोडायला कंपनीची गाडी असायची. ती बंद. कागदावर काय होतं? 'व्यवस्थापनाने मेहेरबानी म्हणून दिलेली वाहनाची सुविधा बंद करण्यात येत आहे.' माझा शब्द, टाईप करून, शिक्का मारून. मी तो फळ्यासमोर उभी राहून तीन-चारदा वाचला. या वेळी मी स्वतः त्या बायकांना एकेकीला गाठून सांगितलं, काही लिहून देऊ नका, सही करू नका, जे करायचं ते सगळ्या मिळून गेटावर करा. त्यांनी ऐकून घेतलं. पण गावी त्यांच्या घरचे अंधारात रस्त्यानं चालत येऊ द्यायला तयार नव्हते, आणि गेटावर उभं राहायलाही नव्हते. आठवड्याभरात एक-एक कमी व्हायला लागली.

त्यातली एक, विशीतली, नुकतं लग्न झालेली, कामात आपाइतकी नाही पण जवळपास तेवढी चलाख. एके दिवशी ती पाळीच्या आधीच हापिसात आली होती, आणि आमच्या जेवणाच्या अर्ध्या तासात माझ्याकडं कागद घेऊन आली. "बाई, हे हापिसात दिलंय. खाली सही करून आणा म्हणले. यात काय लिव्हलंय, वाचता का जरा?"

मी कागद हातात घेतला. झेरॉक्स होती. वर नावाची जागा पांढरी करून तिथं रेघ मारलेली, खाली सहीची जागा मोकळी. मधल्या दोन ओळी माझ्या अक्षरात होत्या. काना, मात्रा, वेलांटी, सगळं माझं. मॅनेजरनं त्या कागदाचा नमुना करून ठेवला होता.

मी वाचून दाखवलं. दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाचलं.

"स्वखुशीनं म्हंजी काय ओ?"

"आपल्या मनानं."

"माझं कुठं मन हाये?" ती म्हणाली. "मला तर यायचंय कामाला."

मी तिला सगळं सांगितलं, सही करू नकोस म्हणून हात धरला. तिनं ऐकलं, आणि मग हळूच हात सोडवून घेतला. तिचा सासरा बाहेर गेटाशी सायकल घेऊन थांबला होता.

"उशीर होतोय, बाई," ती म्हणाली. "सही कुठं करू तेवढं सांगा."

मी बोट ठेवून जागा दाखवली.